मलिक अंबर आणि त्याच्या घरातल्या बायका

जुन्नर शहराला लागूनच हापूसबाग नावाचे गाव आहे. नाव ऐकून परगावच्या पाहुण्या तिथे आंब्याच्या राया शोधू लागतात. जाणती माणसे सांगतात, ते मुळात हबशीबाग. तोंडातोंडी हबशीचे हापूस झाले. हबशी गेला आणि आंबा राहिला! आपल्या स्मरणिकेत शिवनेरीविषयी आणि जिजाऊमातेविषयी लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून चांगले लिहितात. म्हणून मी ह्या वर्षी त्या गेलेल्या हबशांपैकी सर्वांत मोठ्याचे चरित्र लिहावयास घेतले आहे. त्याचे नाव मलिक अंबर. ह्या आपल्या जुन्नरला त्याने एका राज्याची राजधानी केली होती, हे शाळेत शिकलेले असूनही आपल्यापैकी किती जणींना आठवते?

अंबराचा जन्म सुमारे १५४८ सालचा. आफ्रिका खंडाच्या पूर्वेस हबसाण म्हणून जो डोंगराळ देश आहे, ज्याला आज इथिओपिया म्हणतात, तिथला हा मुलगा. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. त्या देशाविषयी पुस्तकातून वाचू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि ती आपल्या चुलीशी संबंध असलेली म्हणून इथे सांगते. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या, म्हणजे आंबेगावच्या आणि जुन्नरच्या डोंगरकपारीतल्या घरांतून जी नाचणीची भाकरी थापली जाते, त्या नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगरपठारांवरचे, म्हणजे चापूच्या देशाच्या बाजूचेच. ज्वारीही आफ्रिकेची आणि बाजरीही आफ्रिकेची. ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि इतकी आपली झाली की त्यांना कोणी परकी म्हणत नाही. माणसांच्या वाट्याला मात्र तसे भाग्य आले नाही.

तिथल्या आयाही रात्री मुलांना गोष्टी सांगत. आपल्याकडे जसा कोल्हा तसे त्यांच्या गोष्टींतून तरस फार येते. हावरट, अंगाने बळकट आणि अकलेने मंद असे, बाकीच्या प्राण्यांनी हमखास फसवावयाचे. शिवाय त्या मुलखात असाही एक समज आहे की गावाचा लोहार किंवा कुंभार रात्री तरसाचे रूप घेऊन हिंडतो. चापूच्या आईनेही त्याला हीच भीती घालून निजवले असेल असे मला वाटते. पण पोराला न्यावयास आले ते तरस नव्हते, व्यापारी होते. काही म्हणतात, लढाईत सापडला. काही म्हणतात, दारिद्र्यापायी आईबापांनीच विकला. कसेही असो, पोर गेले. त्या आईचे नावही कुठे उरलेले नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हबसाणात आपल्या हिंदुस्थानच्या सुती कापडाला फार मागणी होती, आणि त्या कापडाची किंमत तिकडून सोने, हस्तिदंत आणि माणसे देऊन फेडली जाई. निजामशाहीचे मोठे बंदर चौलचे, आपल्या घाटाखालचे. म्हणजे आपल्या बायाबापड्यांनी चरख्यावर काढलेले सूत आणि आपल्या विणकरांनी विणलेले कापड ह्या सौद्याच्या एका पारड्यात होते आणि दुसऱ्या पारड्यात चापूसारखी पोरे.

मोखा म्हणून अरबस्तानात एक बंदर आहे, तिथल्या बाजारात तो विकला गेला. तिथून बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोचला. मीर कासिमाने पोराची बुद्धी ओळखून त्याला लिहावाचावयास आणि हिशेब करावयास शिकवले, मुसलमान केले आणि नवे नाव दिले, अंबर. अंबर हे समुद्रात सापडणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य होय. गुलामांची नावे अशीच ठेवीत. याकूत म्हणजे माणिक, अल्मास म्हणजे हिरा, काफूर म्हणजे कापूर. ऐकावयास किती गोड! पण नीट पाहिले तर ही सारी नावे जवाहिऱ्याच्या आणि अत्तरवाल्याच्या दुकानातली आहेत. आपण मुलाला देवाचे किंवा आजोबांचे नाव ठेवतो, कारण ते मूल कोणाचे तरी असते. ज्याला कोणी नाही त्याला मालाचे नाव.

१५७० नंतरच्या त्या सुमारास अंबर दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, आणि हा चंगीजखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. त्याच्यापाशी असे सुमारे हजार हबशी होते असे सांगतात. दख्खनच्या सुलतानांना हे लोक का हवे असत ते समजून घेतले पाहिजे. दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांची सदैव तेढ. ज्याला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, सासरमाहेर नाही, तो धन्यापुरताच एकनिष्ठ राहील हा हिशेब. शिवाय इकडची गुलामी जन्मभराची शिक्षा नसे. धनी मेला की किंवा त्याच्या मनात आले की माणूस मोकळा होई आणि घोडा-तलवार घेऊन पोट भरू लागे. गुणी असला तर सरदारही होई. ह्याच निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हाही पाथरीच्या ब्राह्मणाघरचा मुलगा, लहानपणी कैद होऊन बीदरला नेलेला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० साली आपल्या जुन्नरातूनच स्वतंत्र राज्याची सुरुवात केली आणि नंतर १४९४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. तेव्हा नेलेल्या मुलांचे राज्य, असेच निजामशाहीला म्हणावयास हवे.

चंगीजखान १५७५ च्या सुमारास मेला. त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. इतिहासात ह्या बाईविषयी एवढे एकच वाक्य आहे, तिचे नावही नाही. पण विचार करा, नवऱ्यामागे दरबारात शत्रू टपलेले, घरात एकटी बाई, आणि पदरी असलेला असा हुशार, लढवय्या माणूस. तिला तो विकता आला असता, ठेवून घेता आला असता. तिने सोडला. मला तर ह्या चरित्रातली ही सर्वांत मोठी उलाढाल वाटते. पुढच्या लढाया हिच्यापुढे काहीच नाहीत.

मुक्त झाल्यावर अंबराने लग्न केले. पत्नीचे नाव बीबी करीमा. ह्यानंतर वीस वर्षे त्याने विजापुरात आणि इकडेतिकडे शिपाईगिरी केली. मलिक ही पदवी त्याला विजापुरात मिळाली. १५९५ साली जेमतेम दीडशे स्वार घेऊन तो निजामशाहीत परत आला, तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीस. आपल्याकडे ह्या वयाची माणसे मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडून झाले म्हणजे सुटलो म्हणतात. त्याचे खरे आयुष्य तिथून सुरू झाले.

त्या वेळी मोगलांनी अहमदनगराला वेढा घातलेला होता आणि चाँदबिबी किल्ला लढवीत होती. तिची कथा सर्वांना ठाऊक आहे. १६०० साली तिच्याच लोकांनी तिला मारले, किल्ला पडला, बालराजाला मोगलांनी ग्वाल्हेरच्या तुरुंगात नेऊन टाकले. निजामशाही संपली असेच सगळे समजले. अंबराने निजामशाही घराण्यातला एक वीस वर्षांचा तरुण शोधून काढला, त्याला परांड्यास दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आणि आपली मुलगी त्याला दिली. राजा जावई, सासरा पेशवा. दुसरा सरदार राजू दख्खनी ह्याचा मोड केल्यावर १६०७ च्या सुमारास त्याने राजधानी परांड्याहून जुन्नरास आणली. निजामशाही जिथे जन्मली तिथे ती सुमारे एकशे सतरा वर्षांनी परत आली, आणि आणणारा होता मोख्याच्या बाजारात विकला गेलेला चापू.

ह्या दरबाराची फौज केवढी होती? १६१० साली एका इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की अंबरापाशी दहा हजार त्याच्या जातीचे आणि चाळीस हजार दख्खनी शिपाई होते. दख्खनी म्हणजे त्यांत आपले मराठे बहुसंख्य. हलके घोडे, पाठीवर बेताचे ओझे, दिवसा डोंगरात दडावयाचे, रात्री मोगलांची रसद लुटावयाची. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो त्याची मोठी तालीम मराठे घोडेस्वारांनी ह्याच्या हाताखाली केली. भोसले घराण्यातील माणसे त्यांत होती.

आता मी त्या मुलीकडे येते. तिच्यासाठीच तर हा लेख लिहिते आहे.

निजामशाहाची ती राणी, पण एकटी नव्हे. राजाची दुसरी एक बायको होती, इराणी घराण्यातली, गोरी. पीटर व्हान डेन ब्रुके नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये अंबराला प्रत्यक्ष भेटला होता; त्याने ऐकलेली हकीकत लिहून ठेवली आहे. १६१० साली दोघी सवतींत भांडण जुंपले. गोरीने काळीला तिचा रंग काढून हिणवले, तू गुलामाची पोर, राजाने ठेवलेली दासी, असे सुनावले आणि बापालाही बंडखोर म्हटले. मुलीने ते बापाच्या कानावर घातले. अंबराने राजाच्या चिटणिसाला हाताशी धरले, आणि थोड्याच दिवसांत राजा आणि त्याची गोरी राणी दोघेही विषप्रयोगाने मेली. गादीवर राजाचा पाच वर्षांचा मुलगा आला, बुऱ्हाण निजामशाह.

ह्या कृत्याचे मी समर्थन करीत नाही. जावयाचे आणि पेशव्याचे आधीपासूनच पटत नव्हते, राजा डोईजड होऊ लागला होता, म्हणजे राजकारण होतेच. सवतींचे भांडण निमित्त झाले असावे. पण निमित्तसुद्धा कशाचे झाले, ते पाहा. राज्य चालवणाऱ्या माणसाची मुलगी, स्वतः राणी, आणि तिच्या तोंडावर फेकावयास काय सापडले, तर कातडीचा रंग. आजही आपल्या गल्लीत थोराड बांध्याचे काळेसावळे पोर दिसले की त्याला हबशी म्हणून हाक मारणाऱ्या आहेत, आणि हाक मारणाऱ्या आपणच, पुरुष नव्हेत. लग्नाच्या याद्यांत मुलीचा रंग लिहितात तो निमगोऱ्याच्या खाली कधी उतरत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीला तीन ठिकाणांहून नकार आला, कारण प्रत्येक वेळी सांगितले निराळे, पण बैठकीतून उठताना पाहुण्या बायकांची जी कुजबुज झाली ती आम्ही स्वयंपाकघरात ऐकली होती. तिचा बाप पेशवा नव्हता म्हणून कोणाला विष चढले नाही, एवढाच फरक.

त्या राणीचे पुढे काय झाले ते कोणी लिहिले नाही. राजदरबारचे कागद लिहिणारे दुसरेच. हबशांच्या बायका स्वतःविषयी काय सांगत असत ते कागदांतून नव्हे, गोष्टींतून कळते. गुजराथेत भडोच जिल्ह्यात रतनपूर म्हणून अकिकाच्या खाणींचे ठिकाण आहे. तिथे बावा गोर नावाच्या हबशी संताची दर्गा आहे, आणि आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, म्हणजे सिद्दी लोक, त्याला फार मानतात. त्यांची कथा अशी. त्या डोंगरावर एक राक्षसीण माजली होती. तिचे पारिपत्य करण्यास बावा गोर हबसाणातून आला. भाऊ बावा हबश हाही आला. पण राक्षसीण पडली स्त्री, तिच्यावर पुरुषांनी हात कसा टाकावा? दोघे अडले. तेव्हा मागून त्यांची बहीण आली, माई मिसरा, आणि तिने राक्षसिणीला जमिनीत गाडले. आज मूल होत नसलेल्या बायका, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, माई मिसरेला नवस बोलतात. सिद्दी लोक नाचताना नारळाच्या करवंटीत खडे घालून केलेला जो खुळखुळा वाजवतात, त्यालाही तिचेच नाव आहे. त्यांच्या ह्या नाचगाण्याला गोमा म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेत ढोलाला अजूनही ङोमा म्हणतात. इतिहासकारांनी ज्या बायकांची नावे गाळली, त्यांच्या लोकांनी एकीचे नाव तरी खुळखुळ्यात घालून ठेवले.

असो. अंबराच्या राज्यकारभाराकडे वळते, कारण कुकडी, मीना आणि घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांतल्या आपल्या पणज्यांच्या पणज्यांना त्याचा अनुभव आला. त्याच्या आधी सारा वसूल करण्याचा मक्ता इजारदाराला देत. इजारदार सरकारात एकदा भरणा करी आणि मग दामदुपटीने रयतेकडून काढी. कणगी रिकामी होई ती घरच्या बाईची. अंबराने इजारा मोडला. उत्तरेत तोडरमलाने केले होते त्या धर्तीवर जमिनीची पाहणी करून मगदुरानुसार प्रत ठरवली, आणि गावागावाचा धारा पाटलामार्फत बांधून दिला. आरंभी पिकाच्या पाचांतले दोन वाटे, पुढे रोखीत तिसरा हिस्सा, असे प्रमाण सांगतात. हाच मलिकंबरी धारा. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची घडी बसवली गेली तेव्हाही हाच नमुना समोर होता.

न्यायाच्या बाबतीत तो कडक होता. दारू पिऊन सापडलेल्याच्या घशात तापलेले शिसे ओतीत, असे तो डच व्यापारी लिहितो. आपल्या दारूबंदी समितीतल्या भगिनींनी हे वाचून उत्साहित होऊ नये!

१६१० नंतर राजधानी जुन्नराहून दौलताबादेस गेली, आणि जवळच खडकी येथे त्याने नवे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. कोरड्या खडकाळ माळावर शहर म्हणजे पाण्याची चिंता आली. त्याने उत्तरेकडच्या डोंगरातले झरे जमिनीखालून बांधीव नहरीने शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर पाणी चालते, आणि जागोजाग बांधलेल्या मनोऱ्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. पुढच्या काळात तिथे आणखी नहरी झाल्या त्या हिच्याच धर्तीवर. डोक्यावर हंडा घेऊन ज्या बायकांनी माळ तुडवला असेल, त्यांना ह्या पेशव्याची जात कोणती असे विचारावयास कोणी गेले नसेल.

मोगलांशी त्याचे युद्ध मात्र मरेपर्यंत चालले. १६१६ मध्ये रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. त्याने ती पुन्हा उभी केली. बादशहा जहांगीर ह्याचा त्याच्यावर इतका राग की आपल्या आत्मचरित्रात तो अंबराचे नाव शिवीवाचून क्वचितच घेतो, आणि शिवी बहुधा रंगावरूनच. त्याने दरबारच्या अबुल हसन नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. भाल्यावर अंबराचे तोडलेले मुंडके टांगले आहे आणि बादशहा त्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज आयर्लंड देशात डब्लिनच्या एका ग्रंथसंग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही. चित्रातच काय ती हौस भागली.

१६२४ साली अहमदनगराजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एकीकडे मोगल आणि विजापूरकर, दुसरीकडे एकटा अंबर, वय पाऊणशेच्या वर. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली आणि मग रात्रीबेरात्री छापे घालून ती मोडली. अंबराच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. आणि समोर मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील. एका रात्रीत एका बाईचा नवरा आणि बाप समोरासमोर उभे, दीर धारातीर्थी. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात ह्या लढाईचे वर्णन आहे, त्यात अंबराच्या शौर्याचीही वाखाणणी आहे. परमानंद शिवाजीमहाराजांचा कवी, हे लक्षात घ्या. त्याला हबशाचे मोठेपण सांगताना संकोच वाटला नाही.

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबर वारला, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन, रणात नव्हे, म्हातारपणाने. जहांगिराच्याच दरबारातला इतिहासकार मुतमदखान ह्याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना सेनापती म्हणून आणि राज्यकर्ता म्हणून त्याच्या तोडीचा कोणी झाला नाही असा अभिप्राय दिला. शत्रूच्या चाकराने दिलेला हा दाखला होय.

चार वर्षांनी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. किल्ला तेव्हा निजामशाहीचाच होता. अंबराच्या मुलाने, फतेहखानाने, बापाची पुण्याई टिकवली नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. शहाजीराजांनी आणखी एक बालराजा उभा करून तीन वर्षे झुंज दिली आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

अंबराची कबर खुलताबादेस आहे, जर जरी जर बक्ष दर्ग्याच्या बाजूला. साधी, भक्कम, घुमटाची इमारत. आपल्याकडच्या कितीतरी भगिनी वेरूळच्या घृष्णेश्वराला आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात, गाडी जवळूनच जाते, पण तिथे कोणी उतरत नाही. त्याच्या शेजारीच दुसरा, आकाराने लहान घुमट आहे, तो बीबी करीमेचा. ज्या काळात लोक तिच्या नवऱ्याला अजून दीडशे स्वारांचा धनीही मानीत नव्हते, तेव्हापासून ती त्याच्या संसारात होती. ह्या वर्षीच्या सहलीचे ठिकाण अजून ठरावयाचे आहे. मी खुलताबाद सुचवले आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी अनुमोदन देईल तर बरे होईल.